उघड्या दारासमोरची वीस वर्षे

उच्च न्यायालयाच्या कामासाठी कर्जतहून पहाटेची लोकल पकडण्यास आम्हाला आता वीस वर्षे होत आली. शंभर किलोमीटरचा प्रवास, पुढे फोर्टात पायपीट. न्यायालयापासून जहांगीर आर्ट गॅलरी चालत पाच-सात मिनिटांवर. तिच्या पायऱ्यांवरून आम्ही किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. आत मात्र पाऊल टाकले ते अलीकडे, एका प्रकरणात पुढची तारीख पडली आणि दुपार रिकामी मिळाली म्हणून.

प्रवेशाला पैसे नाहीत. दारावर कोणी नाव-गाव विचारले नाही. मग इतकी वर्षे आम्हाला अडवले कोणी? ‘ते आपले काम नव्हे’ असे आम्हीच ठरवून टाकले होते. २० मार्च १९२७ रोजी ज्या जिल्ह्यात चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, त्या जिल्ह्याची आम्ही माणसे. एका उघड्या दारासमोर संकोचून उभे राहिलो, हे कबूल करताना लाज वाटते. १९५२ साली उभ्या राहिलेल्या या गॅलरीसमोर रस्त्यापलीकडे एल्फिन्स्टन महाविद्यालय आहे, जिथे शिकून बाबासाहेब १९१२ साली बी.ए. झाले. १९९९ पासून याच परिसरात काळा घोडा कला महोत्सव भरतो. तिथे आपली वस्ती किती दिसते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

आपल्याला कलेची ओढ नाही, असे कोणी म्हणू नये. ६ डिसेंबरला दादरला जाणाऱ्याने शिवाजी पार्कातील पुस्तके, तसबिरी, मूर्ती आणि गाण्यांचे स्टॉल पाहिलेच असतील. आमच्या मते ते महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या कलाप्रदर्शनांपैकी एक आहे. प्रस्थापितांनी त्याला ते नाव दिले नाही, एवढेच.

आणि आता त्या उघड्या दारांच्या आतही आपली माणसे आहेत. मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे छायाचित्रांतून जगापुढे मांडणारे सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. आपली कर्जत लोकल ज्या विक्रोळीवरून जाते, तिथले विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीचे मोर्चे आणि माणसे रंगवतात. प्रभाकर कांबळे यांचे काम २०२२ साली बर्लिनच्या बिएनालेत मांडले गेले. यांची नावे आपल्या वस्तीतल्या किती मुलांना ठाऊक आहेत?

धारावीच्या चामडे कारागिरांसोबत सुधीर राजभर यांनी ‘चमार स्टुडिओ’ उभा केला. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदी कडक झाली, चामड्याचे काम अडले. या कारागिरांनी टाकाऊ रबरातून पिशव्या घडवल्या. नावाकडे वकील म्हणून आमचे लक्ष गेले. हाच शब्द हिणवण्याच्या हेतूने चारचौघांत वापरला तर तो अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्वर्णसिंग प्रकरणात सांगितले आहे. तोच शब्द आता कारागिराच्या मालावर मानाने झळकतो.

परंतु मानाने नाव झळकणे प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरी चपलेसारखी पायताणे मिरवली, तेव्हा कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. ओरड झाल्यावर कबुली आली. जनहित याचिका झाली, ती मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये फेटाळली; याचिकाकर्ते नोंदणीकृत हक्कदार नव्हते. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन २०१९ सालीच मिळाले आहे. पण ज्यांचे हात राबतात त्यांनी त्या कायद्याखाली ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद केली तरच दाद मागण्याचा अधिकार त्यांच्या हाती येतो. ती नोंद करवून देणे हे आपल्यासारख्या वकिलांचे काम आहे. भाषणे ठोकून ते होणार नाही.

नाव टाकण्याची ही गोष्ट आपल्या तालुक्याला नवी नाही. कोंडिवड्याहून राजमाचीच्या पायथ्याशी चढून जा. तिथे कोंडाणे लेण्यात चैत्याच्या दर्शनी भागाजवळ एका भग्न शिल्पाच्या डोक्यापाशी ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे की, हे काम कण्हाचा शिष्य बालक याने केले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा तो लेख आहे. ना राजाचे नाव, ना सावकाराचे. छिन्नी धरणाऱ्याने स्वतःचे आणि गुरूचे नाव टाकले! आज तिथे पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला झुंडी येतात. लेण्याच्या तोंडावरून पाणी कोसळते, खाली बाटल्यांचा खच पडतो. लेख वाचणारे कितीसे?

खालापुरात चौक रस्त्यावर नितीन देसाईंनी २००५ साली स्टुडिओ उभारला. तिथले प्लास्टरचे महाल पाहायला लोक गेले, आम्हीही गेलो. हौस म्हणून ते ठीक. पण त्याच मुलांना घेऊन कोंडाण्याला गेलो होतो का, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

कर्जत, खालापूर आणि खोपोलीच्या कार्यकर्त्यांना आम्ही दोन कामे सुचवतो. येत्या फेब्रुवारीत महोत्सवाच्या एका दिवशी विहारातील मुलांना, सोबत ठाकूर-कातकरी वाड्यांतील मुलांनाही, लोकलने फोर्टात न्यावे. डबे घरून बांधून घ्यावेत, तिथले खाणे खिशाला परवडत नाही. त्याआधी, पाऊस ओसरल्यावर, त्यांना कोंडाण्याला न्यावे. बालकाचे नाव एकाने मोठ्याने वाचावे आणि इतरांनी वहीत उतरवून घ्यावे. मात्र अक्षरे उठून दिसावीत म्हणून दगडाला खडू कोणी फासू नये.