फॉन्ट बदलला, पाठ हरवला

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्यानंतर सत्कार झाले, व्याख्याने झाली, गाथासप्तशतीपासून लीळाचरित्रापर्यंतच्या वारशाची यथासांग उजळणी झाली. त्या वारशाविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. आमचे म्हणणे आहे ते आपल्या डोळ्यांदेखत निर्माण झालेल्या आणि डोळ्यांदेखत नाहीशा होत चाललेल्या मराठीविषयी. साधारणतः १९९० ते २०१० या दोन दशकांत संगणकावर जुळवलेली पुस्तके, दिवाळी अंक, प्रबंध आणि महाविद्यालयांची वार्षिके यांतला मोठा भाग आज संगणकालाच वाचता येत नाही. आणि मराठीच्या विभागांना त्याचे सोयरसुतक नाही.

या दुखण्यावर एक उपाय हमखास सुचवला जातो : जुने फॉन्ट नव्या स्वरूपात रूपांतरित करून घ्यावेत. हा उपाय नेमका काय आहे, ते पाहू. आरंभीच्या काळात संगणकावरील अक्षर टिंबांच्या जाळीवर बसवलेले असे. मोठे केले की त्याच्या कडा दातेरी होत. पुढे अक्षराची बाह्यरेषा गणिती वक्रांनी साठवण्याची पद्धत आली आणि कोणत्याही आकारात सुबक दिसणारे अक्षर मिळू लागले. अडोबीचा ‘टाइप १’, १९९१ मध्ये अवतरलेला ‘ट्रूटाइप’ आणि १९९६ मध्ये जाहीर झालेला ‘ओपनटाइप’ हे या पद्धतीचे टप्पे होत. जानेवारी २०२३ मध्ये अडोबीने आपल्या प्रणालींतून ‘टाइप १’चा आधार काढून घेतला, तेव्हा जुने फॉन्ट बदलून घेण्याची निकड अनेकांस जाणवली. असे रूपांतर करणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत आणि काम काही मिनिटांत होते. जुन्या वळणांचे जतन व्हावे, हेही आम्हांस मान्य आहे. मात्र ते फॉन्टच्या हक्कधारकांच्या अनुमतीने व्हावे. पण एवढ्याने जुना मजकूर वाचता येईल, असे कोणी सांगत असेल तर त्याला मराठीत फार चांगला शब्दप्रयोग आहे : आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. जुन्या फॉन्टांत आकड्यांची घरे जेमतेम २५६, आणि त्यांतलीही काही आधीच राखीव. देवनागरीची जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, मात्रांची रूपे एवढ्या घरांत कशीबशी कोंबली गेली. जे घर जगाने रोमन ‘ए’साठी मानले, तेथे कोणी मात्रा बसवली, कोणी अर्धा ‘क’. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-टीटी योगेश : जितकी फॉन्टांची घराणी, तितक्या वहिवाटी. त्यामुळे तो फॉन्ट नसेल तर ‘मराठी’ हा शब्दही रोमन अक्षरे आणि चलनांची चिन्हे यांची खिचडी होऊन समोर येतो. अशा फॉन्टला ओपनटाइपचा अंगरखा चढवला, तरी घरांचे आकडे तेच राहतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

प्रमाणच नव्हते, ही सबब चालणार नाही. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरच बेतलेला होता. विंडोज २०००बरोबर र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट घरोघरी पोहोचू लागला. परंतु मुद्रणव्यवसाय पेजमेकरवर चालत होता, त्याची शेवटची आवृत्ती २००१ची, आणि तिला युनिकोड कळत नव्हता. मुद्रकाची अडचण खरी होती. त्याने पान छापून दिले. त्याचे काम तेथे संपले. आमचे काम तेथे सुरू व्हायला हवे होते.

हे काम आमचे, म्हणजे मराठीच्या अध्यापकांचे, कसे? जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे ही मूलतः पाठचिकित्सा आहे. जुन्या फॉन्टात मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो, युनिकोडात उच्चाराच्या क्रमाने. ‘मूर्ती’तील रफार जुन्या फॉन्टात ‘ती’नंतर येतो, युनिकोडात तो ‘त’च्या आधी न्यावा लागतो. ‘स्थिती’तील पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात ‘स्’च्याही आधी असते, तिला अख्खे जोडाक्षर ओलांडून पलीकडे जावे लागते. रूपांतर करणाऱ्या प्रणालीने एकच अक्षर ओलांडले, की ‘सि्थती’ हे विद्रूप जन्माला येते.

हे निदान दिसते तरी. न दिसणारे अपपाठ अधिक घातक. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ या जोड्या प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. रूपांतराच्या तक्त्यात ‘ऱ्’चे घर राहून गेले, तर आचारी बसल्या जागी आचार्य होतो आणि शुद्धलेखन तपासणारी प्रणाली त्यावर बोट ठेवत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत. ‘ॲ’ची कथा अशीच : त्याला युनिकोडात स्वतंत्र स्थान मिळाले २००८ साली, त्याआधीच्या रूपांतरांत त्याच्या जागी ‘ऍ’ किंवा आणखी काही आढळते. एकच शब्द तीन तऱ्हांनी साठवला गेला, तर शोध घेणाऱ्याला त्यातला एकच सापडतो आणि कोशकाराची वारंवारिता चुकते.

आणि बोलीचे काय? आम्ही राहतो ते ओवे हे पनवेलजवळचे गाव, २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत. खारघरच्या इमारतींनी वेढलेल्या या पट्ट्यात आगरी बोली अजून कानावर पडते. लग्नात धवलारीण जे धवले गाते, ते आमच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पांसाठी उतरवून घेतले. जवळच्या डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टात टंकून घेतले. त्या वेळी गाणाऱ्या आजीबाईंपैकी कित्येक आज नाहीत. आगरीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो, ‘ण’च्या जागी ‘न’ : काळा तो ‘काला’, पाणी ते ‘पानी’. आता तक्त्यात ‘ळ’चा आकडा चुकून ‘ल’ला जोडला गेला, तर प्रमाण मराठीच्या पानावर तो दोष वाचकाच्या ध्यानात येईल. धवल्याच्या पानावर तो कोणाच्या ध्यानात येणार? उलट, शुद्धलेखनाची प्रणाली चालवली, तर ती ‘पानी’ला ‘पाणी’ करून आजीबाईंचा उच्चारच पुसून टाकील. तेथे बोलीचा जाणकार, मूळ छापील प्रत आणि जमल्यास ध्वनिफीत, तिन्ही समोर घेऊन बसणारा संपादक लागतो.

यावर तीन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला : छापील पुस्तक आहे ना, मग चिंता कशाला? चिंता अशी, की अंध विद्यार्थ्याचे पडदावाचक यंत्र त्या फाइलीतले अक्षर वाचू शकत नाही, शोधयंत्राला तो मजकूर सापडत नाही आणि शब्दकोशासाठी त्यातून शब्द वेचता येत नाहीत. दुसरा : पाने स्कॅन करून यंत्राकडून अक्षरे ओळखून घ्यावीत. जरूर घ्यावीत, पण यंत्राची ओळखही तपासावीच लागते, आणि लेखकाने मुद्रणापूर्वी गाळलेला मजकूर असलेली फाइल छापील पानातून परत मिळत नाही. तिसरा आक्षेप आमच्याच सहकाऱ्यांचा : हे संगणकवाल्यांचे काम. महानुभावांची सकळ लिपी उलगडली ती मराठीच्या अभ्यासकांनी. त्या पंथाने आपले ग्रंथ जपण्यासाठी सांकेतिक लिपी बुद्धिपुरस्सर योजली होती. आपण निष्काळजीपणाने तसेच कुलूप घातले आणि किल्ली दुसऱ्याने शोधावी म्हणतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे अपपाठ दूर केले, हे आपण दरवर्षी शिकवतो. ते केवळ परीक्षेच्या उत्तरापुरते का असावे?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एम.ए.च्या संशोधन प्रकल्पांत एका जुन्या ग्रंथाचे वा संकलनाचे युनिकोड रूपांतर, मूळ प्रतीशी ताडून आणि पाठभेदांच्या टिपांसह, पूर्ण गुणांचे काम म्हणून स्वीकारावे. प्रकाशकांनी यापुढे लेखकाला छापील प्रतींबरोबर युनिकोड मजकूरही द्यावा. जुन्या फॉन्टांच्या मालकांनी आकड्यांचे तक्ते खुले करावेत. अक्षरांचे वळण त्यांचे राहो, त्या वळणांत लिहिला गेलेला मजकूर त्यांचा नाही. आणि सार्वजनिक अनुदानातून निघणाऱ्या प्रत्येक ग्रंथाची शोधता येईल अशी प्रत शासनाने जमा करून घ्यावी.

यांतील पहिल्या मागणीसाठी कोणाचीही परवानगी मागत बसण्याचे कारण नाही. विभागाच्या कपाटात फ्लॉपी आणि सीडी पडून आहेत. त्यांवरचा थर दिवसेंदिवस खराब होतो आहे. येत्या सत्रात प्रत्येक विभागाने त्यांतली एक उघडावी, तिचा फॉन्ट ओळखावा, आणि मूळ प्रत शेजारी ठेवून वाचनाला बसावे.