बीएस्सी आहे, पण कॉम्प्युटरमध्ये!

आमच्या खांदा कॉलनीत ‘मुलगी काय करते?’ या प्रश्नाची उत्तरं ठरलेली आहेत. इंजिनीअर असेल तर आई एका शब्दात सांगून मोकळी होते. कॉम्प्युटर सायन्सची ग्रॅज्युएट असेल तर मात्र वाक्य जरा लांबतं. ‘बीएस्सी आहे... पण कॉम्प्युटरमध्ये!’ हा ‘पण’ मी इतक्या वेळा ऐकलाय की म्हटलं, या वेळचा कॉलम त्याच्याच नावे.

तर आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक मुलगी राहते. ‘नाव छापलंस तर बघ,’ अशी धमकी मिळाल्यामुळे तिला आपण नुसतं ‘ती’ म्हणू. बाबा तळोजा एमआयडीसीत शिफ्टमध्ये, आई घरी शिवणकाम करते, धाकटा भाऊ दहावीत. दहावीच्या सुट्टीत आपल्याकडची निम्मी पोरं करतात तसं तिनंही एमएस-सीआयटी केलं. बाकीच्यांनी सर्टिफिकेट फाइलमध्ये टाकलं, हिला तिथेच किडा चावला. बारावीनंतर सीईटीनं दगा दिला. पैसे भरून इंजिनीअरिंगला जागा मिळत होती, पण फीचा आकडा ऐकून काका जे गप्प बसले ते जेवणं होईपर्यंत बोलले नाहीत. मग मुंबई विद्यापीठाचं तीन वर्षांचं बीएस्सी. जावा, पायथन, डेटाबेस, नेटवर्किंग... इंजिनीअरिंगवाले शिकतात त्यातलं बरंचसं इथेही आहे. एक वर्ष कमी आणि फी खूपच कमी.

मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना हे गणित फार आधीच जमलं होतं. विप्रोनं नव्वदच्या दशकातच बिट्स पिलानीच्या साथीनं सायन्स ग्रॅज्युएट्ससाठी ‘नोकरी करा आणि मास्टर्सही करा’ अशी योजना काढली. पुढे टीसीएसनंही बीएस्सीवाल्यांसाठी ‘इग्नाइट’ सुरू केलं. फंडा सोपा आहे, बॉस. तीन वर्षांचा ग्रॅज्युएट इंजिनीअरपेक्षा स्वस्तात मिळतो, नीट शिकवलं की तितकाच चांगला कोड लिहितो आणि पुढच्या डिग्रीपायी टिकतोही. अशा योजनेत कंपनी तुमच्या मास्टर्सचा खर्च करते, तुम्ही काही वर्षं कंपनी सोडायची नाही.

अशाच एका योजनेचं लेटर तिला थर्ड इयरला कॅम्पसमध्ये मिळालं. पाच वर्षांचा करार, सुरुवातीला स्टायपेंड, एम.टेक. फुकट. घरी पेढे आणले गेले. आणि दोन रात्री कॅल्क्युलेटर बडवून हिनं चक्क ‘नाही’ कळवलं!

काकूंनी मला तातडीनं खाली बोलावलं. ‘तू जरा समजाव गं तिला, तुझं ऐकेल.’

ती ऐकणार नव्हतीच. म्हणाली, ‘ताई, पाच वर्षांनी मी सव्वीसची. तोपर्यंत कुठल्या प्रोजेक्टवर बसायचं ते मी नाही ठरवणार. सपोर्टला टाकलं तर रात्रभर लोकांची तिकिटं बंद करत बसेन. मग एम.टेक. घेऊन करू काय?’

माझं अजूनही मत आहे की घरात एकटा माणूस कमावत असताना फुकट मिळणारी मास्टर्स ही लहान गोष्ट नाही. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीनं तेच लेटर घेतलं, तिचं मस्त चाललंय. पण ‘मोठी कंपनी म्हणजे काळजी मिटली’ हे काकूंचं लॉजिक मला पटेना, कारण 2023 साल होतं. त्याच फेब्रुवारीत विप्रोनं साडेसहा लाखांची ऑफर हातात असलेल्या फ्रेशर्सना ‘साडेतीन लाखांवर येता का?’ असं विचारलं होतं. इन्फोसिसच्या 2022च्या बॅचमधल्या कित्येकांना तर जॉइन व्हायला 2024 उजाडलं. लेटर फ्रेम करून ठेवायचं आणि वाट बघायची!

ती लागली महापेतल्या छोट्या कंपनीत. पगार 18 हजार, काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर दिवसभर वापरून बघायचं, कुठे फुटतं ते एक्सेलमध्ये भरायचं, मग डेव्हलपरशी भांडायचं. कंपनीचं नाव ऐकून नातेवाईक विचारायचे, ‘म्हणजे नक्की कुठली?’ खांदेश्वरहून पनवेल-ठाणे लोकल पकडली तर एका दमात कोपरखैरणे, ती चुकली तर नेरूळला बदला, पुढे शेअर रिक्षा. परत यायला रात्रीचे नऊ. त्यानंतर जेवून पायथनचा सराव, कारण तेच ते टेस्टिंग रोज हातानं करायचा तिला मनस्वी कंटाळा. आठ महिन्यांत तिनं अर्ध्याहून जास्त टेस्ट आपोआप चालतील असे स्क्रिप्ट लिहिले. बॉसनं पाठ थोपटली. पगार तेवढाच.

चौदाव्या महिन्यात ती ऐरोलीच्या मोठ्या ऑफिसात गेली. पॅकेज 4 लाख 20 हजार. आता बाराने भागून महिना 35 हजार असं समजू नका हं! कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी यांचाही आकडा त्यातच घुसवलेला असतो. शिवाय एक गंमत. एप्रिल 2023पासून महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना प्रोफेशनल टॅक्स माफ आहे. त्यामुळे महापेत तो कापलाच जात नव्हता. ऐरोलीच्या पहिल्या पगारातून 200 रुपये गेले, तर बाईसाहेब पेस्लिप घेऊन धावत वर आल्या. ‘ताई, मी टॅक्स भरला!’

‘पण’ मात्र सुटत नाही. नोकरीच्या फॉर्ममध्ये डिग्रीच्या खान्यात कितीदा फक्त बीई आणि बीटेकच असतं. काम तेच, लॅपटॉप तोच, अन् दारावरच अडवणूक. म्हणून तिनं दूरस्थ एमसीएला नाव घातलंय, स्वतःच्या पैशांनी. वर एआयचं टेन्शन आहेच. टेस्ट केसेस आता तो मिनिटात लिहून देतो. ती म्हणते, ‘लिहू दे. चुकीच्या लिहिल्यात हे कळायला कुणीतरी लागेलच ना?’ हे किती दिवस लागेल, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

परवा रेझ्युमे तपासायला माझ्याकडे आली होती. हिंजवडीच्या कंपनीत शनिवारी इंटरव्ह्यू आहे. म्हणजे पुण्याला राहायला जाणं आलं. काकांना अजून पत्ता नाही. म्हणते, नोटिस पीरियड 90 दिवसांचा आहे, सांगायला भरपूर वेळ आहे.