लीड दिलं तरच गटार?

विधानसभेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चहाच्या टपरीवर एक कागद फिरतो. बूथवार आकड्यांचा. कुठल्या वाडीने किती लीड दिलं, कुठली मायनस गेली, सगळं त्यात असतं. पुढची पाच वर्षं कुठल्या गल्लीत काँक्रीट पडणार, हेही त्या कागदावर बऱ्यापैकी वाचता येतं.

शहरात एका बूथवर चार सोसायट्यांची अनोळखी माणसं असतात. खेड्यात एक बूथ म्हणजे एक वाडी, कधी कधी तर एकच भावकी. त्यामुळे माझं मत गुप्त राहतं, पण माझ्या वाडीचं राहत नाही. मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी निरनिराळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची सोय होती. मतदान यंत्रं आली आणि ती सोय गेली. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं 'टोटलायझर' वापरू द्या, असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं. २०१५ मध्ये विधी आयोगानेही त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने मात्र ते मान्य केलं नाही. प्रत्येक बूथचा आकडा कुणाला हवा असतो, ते टपरीवरच्या पोरालाही ठाऊक आहे.

आता या कागदाशेजारी निधी ठेवून पाहा. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीला लोकसंख्या आणि क्षेत्रफळ पाहून येतो. गावाने मत कुणाला दिलं, याच्याशी त्याचा संबंध नाही. पण 'पंचवीस पंधरा' म्हणजे लेखाशीर्ष २५१५, लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत कामं, ही सगळी शिफारशीची. पत्र मिळालं तर सभामंडप, हायमास्ट, बंदिस्त गटार. नाही मिळालं तर बसा.

आमच्या ओळखीच्या एका वाडीतली माणसं गटारासाठी तीन वर्षं एका कार्यालयात खेटे घालत होती. शेवटी तिथल्या एका भल्या माणसाने हळूच सांगितलं, "अर्ज कशाला आणता? पत्र आणा." पत्र कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. वाडी मायनस होती. शेजारच्या गल्लीत त्याच साली पेव्हर ब्लॉक बसले. ते देवळापासून निघाले आणि एका कार्यकर्त्याच्या उंबऱ्याशी संपले. पुढे तीच जुनी माती.

यात एकाच पक्षाला धरण्यात अर्थ नाही. २०२२ च्या जूनअखेरीस सरकार बदललं आणि आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कामांना स्थगिती मिळाली. प्रकरणं उच्च न्यायालयात गेली. आधीचेही धुतल्या तांदळासारखे नव्हते. ऑस्ट्रेलियातही क्रीडा मैदानांचं अनुदान पक्षानुसार रंगवलेली मतदारसंघांची यादी समोर ठेवून वाटल्याचं उघड झालं होतं. तिथे महालेखापरीक्षकांचा अहवाल आला आणि २०२० मध्ये मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे अशी यादी लपवतही नाहीत, तिच्यावर भाषणं होतात.

जानेवारी २०२१ ची गोष्ट आठवा. सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथली ग्रामपंचायत निवडणूक रद्द केली. योग्यच केलं. पण त्याच हंगामात 'निवडणूक बिनविरोध करा, इतके लाख निधी घ्या' अशा घोषणा काही आमदारांनी केल्या आणि त्यांचं कौतुक झालं. लिलावात निदान पैसा बोली लावणाऱ्याच्या खिशातला होता!

कुणी म्हणेल, आमदार गावोगाव फिरतो, गरज त्यालाच कळते, मंत्रालयातल्या वाटपाच्या सूत्राला काय कळणार? यात तथ्य आहे. ओढ्यावरचा खचलेला साकव सूत्राला दिसत नाही. म्हणून थोडा निधी आमदाराच्या हाती असावा, असं मीही म्हणेन, जरी वीरप्पा मोईलींच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने खासदार-आमदार निधी बंदच करा असं सुचवलं होतं. पण साकव खचलेला आहे की वाडी मायनस आहे, यातलं काय पाहून पत्र निघालं, हे लोकांना कळायला नको?

मी हे औंधातून लिहितोय, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २१ जानेवारी १९३९ रोजी इथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ७२ गावांच्या संस्थानाला स्वराज्याची घटना दिली. राजपुत्र अप्पासाहेब आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन सेवाग्रामला जाऊन गांधीजींशी बोलून आले होते. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती, आणि तालुक्याच्या वसुलातला वाटा तालुक्यालाच परत. दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून. खजिना ज्याच्या मर्जीचा होता, त्या राजाने मर्जी सोडली. ती उचलून घ्यायला आपण माणसं निवडून देतो.

माझी मागणी फार मोठी नाही. पंचवीस पंधराच्या मंजूर कामांची तालुकावार यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. तीत गावाची लोकसंख्या आणि मागच्या पाच वर्षांत त्या गावाला मिळालेली रक्कम असावी. निधीतला मोठा भाग लोकसंख्या, टंचाई आणि रस्त्यांची अवस्था पाहून आधीच वाटला जावा, उरलेला आमदारांनी लेखी कारण देऊन सुचवावा. आणि बूथवार आकडे टोटलायझरमध्ये मिसळून टाकावेत.

सध्या पेव्हर ब्लॉकच्या त्या गल्लीत जो फलक आहे, त्यावर सहा नेत्यांचे फोटो आहेत. रस्ता किती मीटरचा, ते कुठेही लिहिलेलं नाही.

आपला,
एक वाचक
औंध, ता. खटाव, जि. सातारा