हप्त्याची धास्ती आणि कामगारांची एकजूट

नोकरी गेली तर घरभाडे कोठून द्यावयाचे, कर्जाचा हप्ता चुकला तर काय होईल, या विवंचनेत रात्र काढणारा कामगार ती सहसा कोणाजवळ बोलून दाखवीत नाही. ही भीती तो स्वतःचा दुबळेपणा समजतो. अर्थसल्लागारही त्याला हेच शिकवितात: खर्च आवर, बचत कर, मन शांत ठेव. ज्याच्या वेतनातून महिनाअखेर काही उरतच नाही त्याने बचत कशाची करावयाची, हे मात्र कोणी सांगत नाही. काटकसर वाईट नव्हे. पण कामगाराची ही धास्ती त्याच्या उधळेपणातून जन्मलेली नाही, मालकवर्गाला ती रोज उपयोगी पडते, हे दिल्लीलगतच्या औद्योगिक पट्ट्याने वारंवार दाखवून दिले आहे.

हरियाणातील मानेसरचा मारुती सुझुकीचा कारखाना घ्या. तेथे वेतनाचा मोठा भाग हजेरीशी बांधलेल्या प्रोत्साहन भत्त्याचा होता. एखाद-दुसरी रजा घेतली तरी त्यातून जबर कपात होते, अशी कामगारांची तक्रार होती. अशा ठिकाणी मुकादमाला आवाज चढवावा लागत नाही. खोलीभाड्याचा हिशेबच आजारी माणसाला पाळीवर आणून उभा करतो. ऑगस्ट २०११ च्या अखेरीस व्यवस्थापनाने ‘चांगल्या वर्तणुकीच्या’ हमीपत्रावर सही केल्याखेरीज आत प्रवेश नाही, असे फर्मान काढले. सही करा आणि पगार घ्या, एवढाच सौदा! बहुसंख्य कामगार महिनाभर विनावेतन दरवाजाबाहेर बसून राहिले. समझोता झाला, पण सुमारे १२०० कंत्राटी कामगारांना परत घेण्याचे टाळले गेले. तेव्हा, ऑक्टोबरमध्ये, ज्यांची स्वतःची नोकरी शाबूत होती त्या कायम कामगारांनी पुन्हा काम बंद केले. घरभाडे त्यांनाही चुकलेले नव्हते.

या लढ्याची दुसरी बाजू लपविण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी निलंबित झालेल्या तीस जणांनी, त्यांत आघाडीचे पुढारीही होते, भरपाई घेऊन राजीनामे दिले. त्यांना गद्दार ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु निलंबित माणसाच्या घरची चूल कोण पेटती ठेवणार, या प्रश्नाचे उत्तर चळवळीजवळ तयार नसेल तर मालकाजवळ ते नेहमीच तयार असते. पुढे १८ जुलै २०१२ च्या हिंसाचारात एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला, पाचशेहून अधिक कायम कामगार बडतर्फ झाले, १४८ जणांवर खटला चालला. त्यांपैकी ११७ जण मार्च २०१७ मध्ये निर्दोष ठरले, पण तोवर त्यांच्यापैकी अनेकांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती आणि त्या काळचे वेतन कोणी भरून दिले नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईच्या गिरणगावात शोधले गेले होते. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका संपाच्या दिवसांत उधारीवर ताट वाढीत, आणि त्यापायी सावकाराच्या दारी जात. १९७५ साली कॉ. प्रेमा पुरव यांनी त्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. एकमेकींच्या जामिनकीवर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. ज्या बाईला एकटी असताना बँकेची पायरी चढण्याचे भय वाटे, ती गटात बसून हिशेब मागू लागली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी हप्त्याच्या भीतीत दंडाची भर घातली आहे. औद्योगिक संबंध संहितेनुसार बेकायदा ठरविलेल्या संपात उतरणाऱ्या कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड, किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. संपाची नोटीसही आता सर्वच उद्योगांत किमान चौदा दिवस आधी द्यावी लागते. ही अट जाचक आहे आणि तिच्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण तोवर ते चौदा दिवस केवळ पत्रके वाटण्यात घालवू नयेत. कोणाचा हप्ता कोणत्या तारखेला येतो, कोणाच्या घरी रोजचे औषध लागते, कोणत्या घरमालकाशी संघटनेने बोलावयाचे, कोणता किराणा दुकानदार महिनाभर थांबेल, याची यादी प्रत्येक विभागात करावी. संपनिधीचा पहिला वाटा कोणाला, हे त्या यादीवरून ठरवावे. त्या यादीत शाखा-चिटणिसांनी आपले नाव घालण्यास संकोचू नये.