आधी जमीन ओळखा, मग डेटाबेस बसवा!

मित्रांनो, एक साधा प्रश्न. डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला तुम्ही लॅबमध्ये जाता, टेबल तयार करता, चार सिलेक्ट क्वेरी चालवता आणि जर्नलवर सही घेऊन बाहेर पडता. पण तो डेटाबेस त्या मशीनवर आला कुठून? कुणी बसवला? मशीनच्या कुठल्या कोपऱ्यात तो राहतो? उत्तर येत नसेल, तर विषय अर्धाच शिकून झालाय असं समजा.

कारण उद्या पुण्यात नोकरीला लागलात, की हातात येतो कोरा लॅपटॉप किंवा काळ्या पडद्याचा लिनक्स सर्व्हर. तिथे सगळं आधीच लावून ठेवणारा लॅब असिस्टंट नसतो. आपल्याकडच्या हुशार पोरापोरींची पहिल्याच आठवड्यात दांडी उडते ती इथे. क्वेरी येत नाही म्हणून नव्हे, तर क्वेरी लिहायची जागाच उभी करता येत नाही म्हणून.

हे शिकायला पैसे लागत नाहीत, ही सगळ्यात चांगली गोष्ट. पोस्टग्रेस घ्या. १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे प्राध्यापक मायकल स्टोनब्रेकर यांनी तो प्रकल्प सुरू केला. १९९६ पासून त्याला पोस्टग्रेसक्यूएल हे नाव आहे. त्याचा परवाना इतका मोकळा आहे, की वापरा, बदला, मित्राला कॉपी द्या, कुणी अडवत नाही. आणि फुकट म्हणजे हलकं, असं तर मुळीच नाही. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं. त्या आधारच्या यंत्रणेत मायएसक्यूएल आणि हडूपसारखी मुक्तस्रोत साधनंच वापरली गेली.

आता बसवायचं कसं? शिरपूरकरांना हे समजायला सोपं जावं. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी आपल्या तालुक्यात पाण्याचं जे काम उभं केलं, त्याची सुरुवात जमीन ओळखण्यापासून झाली. तालुक्याच्या काही भागात काळा पाषाण, काही भागात तापीचा गाळ. पाणी एकच, पण ते मुरवायची रीत जमिनीप्रमाणे बदलते. डेटाबेसचंही तसंच आहे. पोस्टग्रेस एकच, खालची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की रीत बदलते. म्हणून कमांड पाठ करू नका. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारा: हा सर्व्हर कोण चालवतंय? डेटा कुठे साठतोय? आत कुणाला सोडलं जातंय?

विंडोजवर इन्स्टॉलर डाउनलोड करायचा. तो एंटरप्राइझडीबी ही कंपनी तयार करते, तिचं कार्यालय पुण्यातही आहे. नेक्स्ट-नेक्स्ट करताना दोनच ठिकाणी थांबा: पासवर्ड आणि पोर्ट. पोर्ट ५४३२ तसाच राहू द्या. पासवर्ड मात्र वहीत लिहून ठेवा. शेवटी स्टॅक बिल्डर विचारेल, ते सोडून दिलं तरी चालतं. सर्व्हर ‘सर्व्हिस’ म्हणून आपोआप सुरू होतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पीएसक्यूएल’ सापडत नाही म्हणाला, तर घाबरू नका. त्याच्या ‘बिन’ फोल्डरचा पत्ता पाथमध्ये टाकायचा राहिलाय, एवढंच.

उबुंटूवर काम एका ओळीचं: एपीटीला पोस्टग्रेसक्यूएल इन्स्टॉल करायला सांगा. इथे पासवर्ड कुणी विचारतच नाही आणि नेमके इथेच सगळे अडतात. लिनक्सवर ‘पोस्टग्रेस’ नावाचा वेगळा युजर तयार होतो आणि सर्व्हर त्यालाच ओळखतो. म्हणून सूडो वापरून त्या युजरच्या नावाने आत जायचं, मग स्वतःसाठी वेगळा युजर काढायचा. फेडोरावर आणखी एक पायरी आहे: पॅकेज टाकल्यावर डेटाची जागा स्वतः तयार करावी लागते आणि सर्व्हर स्वतः सुरू करावा लागतो. मॅकवर होमब्रूने बसवलं, तर मालक तुमचाच लॉगिन युजर असतो. ‘पोस्टग्रेस’ नावाचा युजर तिथे शोधत बसू नका.

बघा, तिन्हीकडे उत्तरं वेगळी, प्रश्न तेच.

आणखी एक नेहमीचा घोळ. पासवर्ड विसरला, की पोरं विंडोजवर डेटाबेस काढतात आणि परत टाकतात. तरी पासवर्ड चालत नाही! कारण प्रोग्राम गेला तरी डेटाचा फोल्डर मागे राहतो आणि जुना पासवर्ड त्यातच असतो. खरा उपाय म्हणजे ‘पीजी एचबीए’ या फाइलमध्ये थोडा वेळ बिनपासवर्डचा प्रवेश द्यायचा, नवा पासवर्ड ठेवायचा आणि फाइल लगेच पूर्ववत करायची. दार उघडं टाकून झोपायचं नाही.

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी तर याची खरी परीक्षा. घरच्या विंडोजमधला डेटाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन कॉलेजच्या लिनक्सवर टाकला, तर तो चालणार नाही. ‘पीजी डम्प’ने डेटा बाहेर काढा आणि तिकडे नव्याने भरा. दोन्हीकडची आवृत्तीही आदल्या दिवशीच जुळवून बघा. नव्या आवृत्तीतला डम्प जुन्या सर्व्हरवर अडकू शकतो.

सगळ्यांकडे भारी लॅपटॉप नाही, नेटही पुरत नाही, हे मान्य. पण परवानाच मोकळा आहे, तर एकाने इन्स्टॉलर उतरवावा आणि पेन ड्राइव्हवरून हॉस्टेलच्या अख्ख्या मजल्याने बसवावा. जुन्या, रडतखडत चालणाऱ्या मशीनवरही हलकं लिनक्स टाकून पोस्टग्रेस आरामात चालतं. आणि विषयही घरचाच घ्या: गावातल्या विहिरींची पाणीपातळी, बाजार समितीतले कापसाचे भाव, केळीच्या गाड्यांचा हिशेब. पुस्तकातल्या एम्प्लॉयी टेबलपेक्षा असा डेटाबेस लवकर समजतो आणि कुणाच्या तरी कामालाही येतो.

शिक्षकांनाही एक विनंती. सत्रातलं पहिलं प्रॅक्टिकल कोऱ्या मशीनवर होऊ द्या. एरर येतील, गोंधळ होईल, तास पुरणार नाही. पण लाल अक्षरातला तो एरर शांतपणे वाचायला पोरं शिकली, तर त्या दिवसाचे गुण जर्नलच्या सहीपेक्षा मोलाचे आहेत.

तेव्हा या रविवारी बसा. आधी आपल्या मशीनवर, मग मित्राच्या वेगळ्या सिस्टीमवर. आणि तिन्ही प्रश्नांची उत्तरं आपल्या अक्षरात वहीत लिहा. उद्याच्या कोऱ्या लॅपटॉपसमोर तीच वही तुमच्या कामाला येईल.