विशेषण हीच का भाषेची श्रीमंती?

एखाद्या भाषेंत गुण सांगण्यास विशेषणाऐवजीं क्रियापद योजतात असें ऐकलें, कीं आपल्यांतील कित्येक सुशिक्षित गृहस्थ लगेच म्हणतात, "म्हणजे भाषा अजून अप्रौढच म्हणावयाची!" हा निवाडा आम्हांस मुळींच मान्य नाहीं. आरोपीचें म्हणणें न ऐकतां दिलेला निकाल न्यायालयांत टिकत नाहीं. व्याकरणांत तरी तो कां टिकावा?

तेव्हां अशा एका भाषेचीच साक्ष घेऊं. अल्जीरियांत, अल्जीयर्स शहराच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखांत कबाईल लोक राहतात. त्यांची कबाईली भाषा बर्बर कुळांतील. तींत 'मेल्लुल' ह्या एका शब्दाचा अर्थ 'तो पांढरा आहे' असा होतो. 'मेल्लुलेत' म्हणजे 'ती पांढरी आहे', 'मेल्लुलेग़' म्हणजे 'मी पांढरा आहें'. अनेकवचनीं तिन्ही पुरुषांस 'मेल्लुलित' हें एकच रूप पुरतें. इतर क्रियापदें 'येक्शेम' (तो आंत शिरला), 'तेक्शेम' (ती आंत शिरली) अशीं पुरुषाची खूण शब्दाच्या आरंभीं घेतात. गुणवाचक क्रियापद स्थिति सांगतांना ती खूण केवळ शेवटीं घेतें. म्हणजे गुणांसाठीं ह्या भाषेनें निराळी रूपावलि राखिली आहे. पुढें 'अद यिम्लुल' म्हटलें कीं 'तो पांढरा होईल', आणि 'येत्तिम्लुल' म्हटलें कीं 'तो पांढरा होत जातो'. असणें आणि होणें हा भेद एकाच धातूच्या रूपांनीं दाखविणाऱ्या भाषेस दरिद्री म्हणावयाचें काय?

बरें, विशेषण नाहीं ही तक्रारही खरी नव्हे. 'अख़्ख़ाम मेल्लुल' म्हणजे 'घर पांढरें आहे', तर 'अख़्ख़ाम अमेल्लाल' म्हणजे 'पांढरें घर'. 'अमेल्लाल' हें त्याच धातूपासून निघालेलें विशेषण. येथें क्रियापद माता आहे आणि विशेषण तिची कन्या. मग वंशावळ फ्रेंच किंवा इंग्रजीसारखी नाहीं एवढ्यावरून तिला दोष कसा द्यावा?

बर्बर भाषांशीं दूरचें नातें असलेल्या प्राचीन अक्कादी भाषेंतही 'दमिक' म्हणजे 'तो चांगला आहे' आणि 'दमकत' म्हणजे 'ती चांगली आहे'. हम्मुराबीचे कायदे ह्याच भाषेंत कोरलेले आहेत. तिला अप्रौढ म्हणण्याचें धैर्य कोण करील?

दुसऱ्या टोकाचे पंडितही आम्हांस पटत नाहींत. 'ह्या लोकांस सारें जग वाहतेंच दिसतें' असें ते कौतुकानें म्हणतात. आपल्या घरांतील गृहिणी 'ताक आंबलें', 'दूध निवलें' म्हणते, तेव्हां तिनें जगाविषयीं कांहीं निराळें तत्त्वज्ञान पत्करलें, असें आपण मानतों काय? धातूंत गुण सांठविण्याची सोय आपल्या मराठींतही आहे, इतकेंच. १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांनीं मराठीचें व्याकरण रचिलें, तेव्हां त्यांच्यापुढें इंग्रजी व्याकरणाचा सांचा होता; परक्या सांच्यांत आपली भाषा बसवितांना काय ओढाताण होते, हें मराठी वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

कोणी म्हणेल, हा वैयाकरणांचा पोरखेळ आहे. इतका आवेश कशास? तर भाषेस हिणविणें हें पुष्कळदां तिला शाळेबाहेर ठेवण्याची पूर्वतयारी असतें म्हणून. मूलूद माम्मेरी ह्यांनीं १९७६ सालीं ह्या भाषेचें व्याकरण ह्याच भाषेंत लिहून प्रसिद्ध केलें. १९८० च्या मार्चमध्यें तिझी उझू येथें प्राचीन कबाईली काव्यावर त्यांचें व्याख्यान व्हावयाचें होतें. त्यावर बंदी आली आणि सारा मुलूख पेटून उठला. अल्जीरियानें बर्बर भाषेस २००२ सालीं राष्ट्रभाषेचें आणि २०१६ सालीं अधिकृत भाषेचें स्थान दिलें. जी भाषा स्वतःचें व्याकरण स्वतःच्या शब्दांत सांगूं शकते, तिला अप्रौढ म्हणणाऱ्यांनीं प्रथम तें व्याकरण उघडून पाहावें. निकाल मागाहून द्यावा, एवढेंच आमचें मागणें आहे.