विश्लेषण : तरुण वयातील पक्षाघात आणि हाताला न लागणारी नाडी

पक्षाघात म्हटले की उतारवय, मधुमेह, कोलेस्टेरॉल हेच समोर येते. यातले काहीही नसलेल्या पंचविशी-तिशीतील स्त्रीला पक्षाघात झाला, तर मात्र मोठ्या रक्तवाहिन्यांच्या दाहाचा शोध घ्यावा लागतो. ‘टाकायासू आर्टरायटिस’ हा अशा दाहाचा आशियात तुलनेने अधिक आढळणारा प्रकार.

नेमके काय होते?

रोगप्रतिकारक शक्तीच महाधमनी आणि तिच्या शाखांच्या भिंतींवर हल्ला करते. भिंत सुजून जाड होते, वाहिनी अरुंद होते. मानेतील धमन्यांत हे घडले की मेंदूचा रक्तपुरवठा घटतो किंवा गुठळीने तुटतो. हाताची धमनी अरुंद झाली की मनगटावर नाडी लागत नाही. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो टाकायासू यांनी १९०८ मध्ये याची नोंद केली, तीही एका तरुणीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्या पाहून.

निदान का हुकते?

बारीक ताप, थकवा, घटते वजन यांमुळे आपल्याकडे पहिला संशय क्षयावर जातो. त्याहून घातक फसगत रक्तदाब मोजताना होते. मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाल्यास रक्तदाब वाढतो. पण पट्टा अरुंद धमनीच्या हातावर बांधला तर आकडा कमी दिसतो. असा लपलेला रक्तदाब मेंदूत रक्तस्रावही घडवू शकतो. दोन्ही हातांवर रक्तदाब मोजायला दोन मिनिटे पुरतात, तरी गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ते क्वचितच होते. वरच्या आकड्यातील किमान २० अंकांचा फरक २०२२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही आहे. पुढे सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी लागते. ईएसआर, सीआरपी सामान्य आले म्हणून आजार नाकारता येत नाही.

पन्नाशीनंतर कानशिलाची डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे ही ‘जायंट सेल आर्टरायटिस’ची खूण. त्यात दृष्टी जाण्याची भीती असल्याने बायोप्सीच्या अहवालासाठी स्टेरॉइड थांबवत नाहीत.

उपचार कोणते?

पक्षाघाताचे तातडीचे उपचार करावेच लागतात, पण मूळ दाह ॲस्पिरिनने शमत नाही. त्यासाठी स्टेरॉइड आणि सोबत मेथोट्रेक्सेट, ॲझाथायोप्रिनसारखी औषधे. दाद न मिळाल्यास टोसिलिझुमॅबसारखी महाग जैविक औषधे, तीही सुप्त क्षयाची तपासणी करूनच. दाह सक्रिय असताना स्टेंट घातल्यास वाहिनी पुन्हा अरुंद होण्याचा धोका वाढतो. म्हणून शक्य तिथे वाट पाहतात. कोणत्या हातावर किंवा पायावर रक्तदाबाचा खरा आकडा मिळतो, हे रुग्णाच्या फाइलवर ठळक लिहिलेले असावे. चारही ठिकाणी अडथळा असेल, तर तो महाधमनीत कॅथेटर घालूनच मोजावा लागतो.